मदत हवी आहे: रेकॉर्डचा आवाज मोबाइलपेक्षा पातळ का येतो?

महालकर
वडिलांनी जपलेल्या साठेक एलपी घरात आहेत. त्या ऐकता याव्यात म्हणून मागच्या महिन्यात सीताबर्डीतून एक जुना टर्नटेबल विकत घेतला. ख्यालाची एक एलपी त्यावर लावली आणि तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवरही लावून पाहिले. मोबाइलवर डग्गा नीट घुमतो. रेकॉर्डवर मात्र तो जवळजवळ ऐकूच येत नाही, तंबोरा पत्र्याचा असल्यासारखा वाजतो आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवावे लागते. शिवाय रेकॉर्डवर गायकाचा षड्ज किंचित उतरलेला वाटतो. डिजिटलपेक्षा रेकॉर्डचा आवाज भरदार असतो असे आजवर ऐकत आलो. मग दोष रेकॉर्डचा, सुईचा की माझ्या कानांचा? रविवारी मामा खास ऐकायला येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

तारसप्तक
टर्नटेबल कशाला जोडला आहे, त्यात कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) कोणत्या प्रकारचे आहे आणि मागच्या बाजूला ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे निवडण्याचे बटण आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही नेमके सांगू शकणार नाही.

शून्य_एक
कानांचा दोष मुळीच नाही. सीडीच्या दर्जाच्या डिजिटल ध्वनीत आवाजाच्या लहरीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापे, घेतले जातात, त्यामुळे सुमारे २२,००० हर्ट्‌झपर्यंतचे सर्व स्वर त्यात मावतात आणि माणसाच्या कानाची धाव त्यापलीकडे नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर तिथे ९६ डेसिबल मिळते. चांगल्या रेकॉर्डवर ते साठ-सत्तरच्या घरात राहते. जे ऐकू आले ते अपेक्षितच होते.

काळी_तबकडी
नमुने घेणे म्हणजे सुराच्या पायऱ्या करणे. मींड पायऱ्यांनी होत नाही. रेकॉर्डच्या खाचेत ती अखंड कोरलेली असते, म्हणून तिचा गोडवा वेगळा असतो. पस्तीस वर्षे ऐकतो आहे, मला आकडे सांगू नयेत.

शून्य_एक
पायऱ्या फक्त पुस्तकातल्या आकृतीत असतात. नमुन्यांपासून पुन्हा विद्युत्‌लहर तयार होताना ती अखंडच बाहेर पडते आणि मींड जशीच्या तशी येते. आणि आपण सांगता त्या अखंड खाचेत धूळही तितक्याच निष्ठेने वाजते.

सदर_निवासी
एलपी विकायच्या असतील तर घाई करू नये, आवरणे शाबूत असली तर बरी किंमत येते. आपल्याकडे जुन्या मराठी नाट्यगीतांच्या आहेत का?

महालकर
विकायच्या नाहीत. पायऱ्यांचा वादही कृपया दुसरीकडे करावा. जोडणी अगदी साधी आहे: होम थिएटरच्या मागे ‘ऑक्स’ लिहिलेल्या लाल-पांढऱ्या जागेत दोन पिना खोचल्या आहेत. मागे बटण नाही. कार्ट्रिजवर ‘एमएम’ अशी अक्षरे आहेत. एक बारीक काळी तार मोकळी लोंबत होती, ती कशाची हे न कळल्याने चिकटपट्टीने गुंडाळून ठेवली.

तारसप्तक
ही माहिती पहिल्याच दिवशी दिली असती तर एवढी चर्चाच झाली नसती. आपण रेकॉर्ड अजून ऐकलेलीच नाही, तिचा अर्धवट संकेत ऐकला आहे. एमएम, म्हणजे हलत्या चुंबकाच्या, कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात आणि ऑक्सला त्याच्या साधारण शंभर पट लागतात, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज दबलेलाच राहतो.

डग्गा हरवण्याचे कारण वेगळे आहे. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर वीस मिनिटांचे गाणे मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार स्वर उचलतात. वाजवताना याच्या नेमके उलट करायचे असते, म्हणजे डग्गा परत येतो आणि वर उचललेल्या स्वरांबरोबर खरखरही खाली बसते. हे किती दाबायचे आणि किती उचलायचे याचे ‘रिआ’ नावाचे प्रमाण १९५४ पासून रूढ आहे. त्यात २० हर्ट्‌झचा खर्ज मधल्या स्वरांच्या तुलनेत सुमारे २० डेसिबल वर आणावा लागतो. हे काम फोनो प्रीॲम्प करतो, आणि तो आपल्या जोडणीत कुठेच नाही. प्रीॲम्प मध्ये घालावा आणि ती काळी तार त्याच्या मागच्या स्क्रूला बांधावी, ती अर्थिंगची आहे.

काळी_तबकडी
प्रीॲम्पचे बरोबर आहे, ते मान्य. पण आधी रेकॉर्ड स्पिरिटने पुसून घ्यावी, निम्मी खरखर तिथेच जाते.

तारसप्तक
हा सल्ला सरसकट देऊ नये. वडिलांच्या संग्रहात ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलेली खाच पुन्हा मिळणार नाही.

कूलरग्रस्त
नागपुरात मे महिन्यात खोलीत कूलर चालू असताना ९६ डेसिबल काय आणि साठ काय, दोन्ही सारखेच वाहून जातात. रेकॉर्ड मात्र उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नयेत आणि आडव्या रचूही नयेत. माझ्या दोन एलपींची काठ वळलेली भाकरी झाली आहे.

तारसप्तक
षड्ज उतरल्याचे राहिलेच. रेकॉर्ड हळू फिरली की सूर उतरतो. रेकॉर्डवर काठाशी कागदाचा कपटा ठेवावा, घड्याळ लावून तीन मिनिटे फेऱ्या मोजाव्यात. एलपी मिनिटाला ३३⅓ फिरते, म्हणून मोजणी बरोबर १०० यायला हवी.

महालकर
मित्राचा फोनो प्रीॲम्प दोन दिवसांसाठी आणला. काळी तार बांधण्याआधी गूंगूं असा आवाज येत होता, बांधताच थांबला. पहिल्याच आवर्तनात डग्गा असा आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मुलीने कपटा धरून दोनदा मोजले, दोन्ही वेळा ९७ आले.

मग कूलर बंद करून, दोन्हींचा आवाज सारखा करून आणि डोळे मिटून तुलनाही केली. दहाच्या दहा वेळा रेकॉर्ड ओळखली, पण ती गोडव्यामुळे नव्हे; सुई टेकल्यावरच्या खरखरीमुळे आणि उतरलेल्या षड्जामुळे. बाजूच्या शेवटी, आतल्या खाचांत, द्रुत लयीतल्या ताना रेकॉर्डवर थोड्या फाटल्यासारख्याही वाटल्या. बाकी विलंबितात मला तरी फरक करता आला नाही.

काळी_तबकडी
एका संध्याकाळीत तो कळत नाही.

शून्य_एक
आवाज सारखा करून ऐकलेत हे उत्तम केले. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

तारसप्तक
तीन फेऱ्या कमी म्हणजे तीन टक्के, म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातल्या अंतराच्या साधारण निम्मे. आपले कान उत्तम आहेत. वरची थाळी उचलून रबरी पट्टा पाहावा, तो सैल होऊन घसरत असणार.

महालकर
पट्टा चपटा आहे आणि बोटाला काळे लागते. माप कसे घ्यावे? तो ताणला तर कितीही होतो.

तारसप्तक
पट्ट्याचे माप घेऊच नये. तो जिथून फिरतो त्या मार्गावर, मोटरच्या कप्पीसकट, दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. नवा पट्टा त्यापेक्षा किंचित लहान लागतो, म्हणजे तो ताणलेला राहतो. रुंदी मात्र जुन्याइतकीच घ्यावी. बसवण्यापूर्वी कप्पीला चिकटलेले काळे रबर पुसून काढावे, नाहीतर मोजणी पुन्हा बिघडेल.

सदर_निवासी
मामा रविवारी किती वाजता येणार आहेत?