गरोदरपणातला एकही चेकअप चुकला नाही, तरी बीपीचं कळलं नाहीच. मग उपयोग काय?

धायरीकर: बहिणीची पहिली खेप, दर व्हिजिटला वजन, बीपी, लघवी, फाईल ही एवढी जाड. ३४व्या आठवड्यात बीपी १२०/८०, सगळं नॉर्मल, पंधरा दिवसांनी या म्हणाले. नवव्या दिवशी रात्री डोकं ठणकायला लागलं, आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल (मे महिना, त्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट), सकाळी डोळ्यापुढे काजवे, नेलं तर १७०/११०, लघवीत प्रोटीन, तडक सिझर. दोघी बऱ्या आहेत पण बाळ बारा दिवस काचेच्या पेटीत होतं. रुटीन चेकअप म्हणजे फाईलवर शिक्का, बाकी काही नाही.

हडपसरची सिस्टर: दादा वाईट वाटलं, पण हे पटत नाही. हे बीपी दोन दिवसांत पण चढतं, सोमवारी नॉर्मल होतं म्हणून गुरुवारी असेलच असं नाही. पण वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) खाली असणं, हिमोग्लोबिन ७, रक्तगट आरएच निगेटिव्ह, हे कशात कळतं? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर १४० किंवा वर येते (म्हणजे गरोदरपणातला डायबिटीस) त्या बाईला एरवी काही म्हणजे काही होत नसतं, हसत आलेली असते. आणि डोकं दुखणं, अंधारी, छातीखाली दुखणं, तोंडावर सूज, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच रात्री यायचं. हे सांगितलं नव्हतं का?

धायरीकर: नाही. लोखंडाच्या गोळ्या आणि 'प्रवास टाळा', एवढंच.

कोथरूडची आई: माझ्या लेकीच्या हृदयाला बारीक भोक, २० आठवड्यांची सोनोग्राफी नॉर्मल होती. जन्मल्यावर स्टेथोस्कोपनं कळलं. डॉक्टर म्हणाले एवढं बारीक तेव्हा दिसतच नाही, ते खरंही असेल, पण मग 'ऑल ओके' म्हणून पेढे कशाला मागता! तरी धायरीकर, चेकअप सोडा असं मी कुणालाच म्हणणार नाही. आमच्या कामवाल्या ताईंच्या सुनेचं रक्त दर महिन्याच्या ९ तारखेला असते त्या सरकारी तपासणीत कमी निघालं, ते फुकटात कळलं.

धायरीकर: सोडा कुठे म्हणतोय मी. शेवटच्या दोन महिन्यांत पंधरा दिवसांची गॅप का, एवढंच. बीपीचं मशीन घरी ठेवा असं तरी सांगा.

हडपसरची सिस्टर: मशीनचं एकदम बरोबर. एक विचारू, तुमच्या आईला बाळंतपणात बीपीचा त्रास होता का?

धायरीकर: हो, बहिणीच्याच वेळी, झटके आले होते. का?

हडपसरची सिस्टर: पहिलटकरीण आणि आईला हा त्रास, दोन्ही असेल तर १६ आठवड्यांच्या आत ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. होणारच नाही असं नाही, पण शक्यता कमी होते. फाईलमध्ये आईचं लिहिलंय का बघा.

धायरीकर: आत्ता काढून बघितली. पहिल्याच पानावर आहे, 'आई – बीपी, झटके', खाली पेनानं रेघ मारलीय. गोळ्यांच्या यादीत ॲस्पिरिन कुठेच नाही.