उत्तर: ५५५ चा एलईडी लुकलुकत नाही

५५५ टायमर आयसीला (ठरावीक वेगाने आउटपुट चालू-बंद करणारी चिप) जोडलेला तुमचा एलईडी नुसता पेटून राहतो, असं तुम्ही विचारलंय. आयसी बदलून बघा असं वर दोघांनी सुचवलंय, पण जरा थांबा. एलईडी पेटतोय, फक्त लुकलुकत नाही. म्हणजे ५५५ बहुतेक ठणठणीत आहे, तो इतक्या वेगाने उघडझाप करतोय की डोळ्याला कळतच नाही.

तुम्ही १ के आणि १० के (किलोओहम) रेझिस्टर लिहिलेत, आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) 'छोटा पिवळा, १०४ छापलेला'. तिथेच गोम आहे. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, तीही पिकोफॅरडमध्ये. झाले फक्त ०.१ मायक्रोफॅरड! कपॅसिटर जितका लहान, तितका वेग जास्त. एवढ्यावर सेकंदाला साधारण ६८५ वेळा एलईडी लागतो-विझतो. खात्री करायची तर पिन ३ (आउटपुट) आणि ग्राउंडमध्ये (बॅटरीची मायनस बाजू) साधी पिझो चकती लावा (आपोआप वाजणारा बझर नको), बारीक पीं ऐकू येईल. मग १०४ च्या जागी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस बाजू असलेला कपॅसिटर) लावा, पट्ट्याची बाजू ग्राउंडला. दीड सेकंदाला एक लुकलुक मिळेल.

तरी नाहीच झालं, तर पिन ४ प्लसला आहे ना आणि २ व ६ एकमेकांना जोडल्यात ना, ते बघा.

आणि हो, ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) लांब असेल तर कडेची लाल-निळी पट्टी आतून मध्येच तुटलेली असू शकते, मग पुढे वीज पोचतच नाही. या पट्टीपायी मी एक अख्खा रविवार घालवलाय, दोन चांगले आयसी कचऱ्यात टाकून. मीटरचा प्रोब थेट पिन ८ च्या (आयसीला प्लस मिळतो ती) पायावर टेकवा, बॅटरीवर नको. तिथे ९ च्या आसपास व्होल्ट दिसले की पुढचं बोलू.