हॅलोविन सरल्यावर पाहण्याजोगे भयपट सुचवाल का?

ओसरी

आम्ही मिनेसोटात राहतो. यंदा दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले. फराळ, पाहुणे आणि मुलीचा पोशाख यांत ऑक्टोबर कसा सरला ते कळलेच नाही, आणि एरवी त्या महिन्यात मी आवर्जून पाहते ते भयपट राहूनच गेले. आता नोव्हेंबर लागला आहे. दारातल्या कोरलेल्या भोपळ्याचे डोळे खारींनी कुरतडून मोठे केले आहेत, पहिल्या दहिवराने तो एका बाजूने खचला आहे, आणि हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे गेल्यापासून पाचच्या सुमारास काळोख होतो. शेजारी नाताळची रोषणाई चढवू लागले असले, तरी मला मनापासून असे वाटते की भयपट पाहण्याच्या खऱ्या रात्री आत्ता सुरू होत आहेत.

म्हणून विचारते. मुखवटे, किंकाळ्या आणि सुरे यांच्यावर ज्यांची सारी भिस्त नाही, ज्यांतले भय थंडीतून, बंद घरातून, गेलेल्या माणसांच्या आठवणीतून येते, असे चित्रपट कोणते? मुलगी झोपल्यावर मी एकटीच, हेडफोन लावून पाहणार आहे. भाषा कोणतीही चालेल. रक्तपात फार नसावा, आणि कृपया कोणी शेवट सांगू नये.

रातवा

तुमच्या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९८० सालचा 'द शायनिंग'. तो बहुतेक लोक ऑक्टोबरात पाहून टाकतात, पण सुरुवातीच्या नोकरीच्या मुलाखतीत ओव्हरलुक हॉटेलचा व्यवस्थापक काय सांगतो ते नीट ऐकावे: हॉटेलचा हंगाम १५ मे ते ३० ऑक्टोबर. म्हणजे हॅलोविनच्या आदल्या दिवशी हॉटेल बंद होते, आणि पुढे बर्फात अडकलेल्या तीन माणसांचे जे काही होते ते सारे त्यानंतरच्या दिवसांत. हा चित्रपट मुळातच हंगाम संपल्यानंतरचा आहे.

तुम्ही हेडफोन लावणार आहात हे फार चांगले. त्या तिघांतला छोटा डॅनी तीनचाकी सायकल घेऊन हॉटेलच्या ओस मार्गिकांतून फिरतो आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकून त्याच्या मागे मागे जातो. चाके लाकडी जमिनीवर आली की घरघराट, गालिच्यावर चढली की एकदम शांतता, पुन्हा घरघराट, पुन्हा शांतता. दिसत काहीच नाही, तरीही पुढच्या वळणाशी येईपर्यंत आपण श्वास धरून बसलेलो असतो.

बाहेरून दिसणारे हॉटेल म्हणजे ऑरेगनमधले टिंबरलाइन लॉज. आतले दालन-दालन मात्र इंग्लंडमध्ये एल्स्ट्री येथील स्टुडिओत उभारलेले होते. स्टीफन किंग यांच्या मूळ कादंबरीतली भुताटकीची खोली २१७ क्रमांकाची. ती वाचून पुढे त्या खोलीत कोणी उतरणार नाही, अशी लॉजवाल्यांना धास्ती वाटली, म्हणून चित्रपटात २३७ हा तिथे अस्तित्वातच नसलेला क्रमांक आला.

दुसरा, निकोलस रोग यांचा 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३). हिवाळ्यातले व्हेनिस, पर्यटक निघून गेलेले, हॉटेल बंद करण्याची घाई चाललेली, आणि त्यात एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी आलेला माणूस व त्याची बायको. तुम्हाला लहान मुलगी आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो: चित्रपटाची सुरुवात या जोडप्याची लेक पाण्यात बुडून जाते तिथून होते. मन घट्ट असेल त्याच रात्री लावावा.

दीपमाळ

मी तुमची रक्तपाताची अट मोडून जॉन कारपेंटर यांचा 'द थिंग' (१९८२) सुचवते आहे, कारण थंडी हेच भय असलेला याच्या तोडीचा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. अंटार्क्टिकावरचा संशोधन तळ, नुकताच लागलेला हिवाळा, बारा माणसे, आणि त्यांच्यातला कोण आता माणूस उरलेला नाही हे कोणालाच ठाऊक नाही. रॉब बॉटिन या जेमतेम बाविशीतल्या कलाकाराने घडवलेली शरीरांची विद्रूप रूपे किळसवाणी आहेत, हे मान्य. ती दोन-तीन दृश्ये आली की डोळे मिटून घ्यावेत. मात्र त्याआधीचे कुत्र्याचे दृश्य अजिबात चुकवू नये: तळावर आलेला एक परका कुत्रा रिकाम्या मार्गिकेतून सावकाश चालत जातो, एका दाराशी थांबतो आणि आत पाहतो. भुंकत नाही, धावत नाही. भिंतीवर एका माणसाची सावली पडते आणि ती मान वळवते, इतकेच.

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावर फेब्रुवारीत शेवटचे विमान निघून गेले, की हिवाळाभर मागे राहणारी मंडळी एकत्र बसून हाच चित्रपट पाहतात, असा तिथला रिवाज आहे. आता आठ-नऊ महिने कोणी येणार नाही आणि कोणी जाणारही नाही, हे कळलेल्या माणसांना तो पाहावासा वाटतो, यातच त्याची जात ओळखावी.

सायंतारा

वरचे तिन्ही उत्तमच आहेत, पण नोव्हेंबरचा म्हणून एकच चित्रपट निवडायचा झाला तर मी 'नोव्हेंबर' नावाचाच निवडेन. राइनर सार्नेट यांचा हा एस्टोनियन चित्रपट २०१७ सालचा, कृष्णधवल, आणि इतका देखणा की कथेचा धागा क्षणभर सुटला तरी नजर हलत नाही. एस्टोनियात नोव्हेंबर हा गेलेल्यांच्या आत्म्यांचा काळ मानला जातो. चित्रपटात त्या रात्री गावातले मृत पांढऱ्या कपड्यांत रानातून चालत येतात, आपापल्या घरी जातात, मांडलेल्या पानावर बसून जेवतात, आणि त्यांच्यासाठी सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोलीही तापवून ठेवलेली असते. आपण पितृपंधरवड्यात पान वाढून कावळा शिवण्याची वाट पाहतो. इथे पितर स्वतःच समोर बसून जेवताना पाहिले आणि माझ्या अंगावर जो काटा आला तो निव्वळ भीतीचा नव्हता. आजी गेल्यानंतरच्या पहिल्या श्राद्धाला तिच्या आवडीची अळूची भाजी पानात वाढताना माझ्या आईचा हात थांबला होता, तो क्षण मला त्या दृश्यात पुन्हा भेटला.

याच गावातली माणसे जुनी अवजारे, काठ्या आणि हाडे बांधून 'क्राट' नावाचा गडी तयार करतात. त्याच्यात जीव घालण्यासाठी सैतानाला रक्ताचे तीन थेंब द्यावे लागतात. लोक इतके नडलेले आणि इतके बेरकी, की रक्ताऐवजी काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या एका बोराचा रस देऊन सैतानालाही फसवू पाहतात. दारिद्र्य, हाव आणि एका मुलीचे एकतर्फी प्रेम यांची ही गोष्ट आहे. दचकवण्याचा तीत मुळीच प्रयत्न नाही.

पुढे डिसेंबरही आहेच. नाताळात भुताच्या गोष्टी सांगण्याची इंग्लंडची प्रथा जुनी आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख एम. आर. जेम्स नाताळच्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना स्वतः लिहिलेल्या भयकथा वाचून दाखवत. त्याच परंपरेत बीबीसीने १९७१ पासून १९७८ पर्यंत दर नाताळात एक भयकथा पडद्यावर आणली. त्यांतली १९७६ ची 'द सिग्नलमन' ही डिकन्सच्या कथेवरची फिल्म चाळीस मिनिटांच्या आतली आहे, म्हणजे कामाच्या दिवशीही जमेल. डिकन्स स्वतः १८६५ च्या स्टेपलहर्स्ट रेल्वे अपघातातून वाचला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने ही कथा लिहिली. बोगद्याच्या तोंडाशी एकटा राहणारा सिग्नलवाला एका घंटीचा नाद ऐकतो, जो त्याच्याखेरीज कोणालाच ऐकू येत नाही.

हेडफोनसाठी आणखी एक: जॅक क्लेटन यांचा 'द इनोसन्ट्स' (१९६१). सुरुवातीला पडदा पूर्ण काळा राहतो आणि एक लहान मुलगी गाणे म्हणत असते. चित्र बिघडले आहे असे समजून पुढे सरकवू नये.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. 'नोव्हेंबर' याच शनिवारी पाहीन, आणि 'द थिंग' पहिला मोठा बर्फ पडेल त्या रात्रीसाठी राखून ठेवते. 'डोन्ट लुक नाऊ' सध्या नको. इशारा दिलात ते फार बरे केलेत. 'द शायनिंग'च्या दोन वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या दिसतात. कोणती पाहावी?

रातवा

१४४ मिनिटांची. युरोपात दाखवली गेलेली ११९ मिनिटांची आवृत्ती अधिक वेगवान आहे, पण तीत डॉक्टरीणबाई घरी येतात तो प्रसंग कापलेला आहे. डॅनीच्या खांद्याला पूर्वी झालेल्या दुखापतीविषयी त्याची आई वेंडी त्यांना हसतहसत, सारवासारव करत सांगते, आणि त्या बाई काही न बोलता तिच्याकडे पाहत राहतात. हॉटेलात पाऊल टाकण्याआधीच त्या घरात काय चालले होते, ते त्या दोन मिनिटांत कळते.