मदत हवी आहे: जुन्या गार्डन ट्रॅक्टरची केबिन सडलीय
इंजिन एकदम ओके आहे, पण केबिनची वाट लागलीय. वरून नुसता रंग फुगल्यासारखा दिसत होता म्हणून वायर ब्रश मारला, मग रबर मॅट उचलली तर खाली ओल आणि दाराजवळच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर सरळ आरपार. वरवरच्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा घट्ट, निरुपद्रवी थर करणारं रसायन) लावून झिंक प्रायमर मारेन, ते जमेल, पण खालची चौकट पोकळ पाइपाची आहे आणि ती आतून खाल्लीय, तिथे ब्रश पोचतच नाही, मग तेवढा तुकडा कापून नवीन वेल्ड करायचा का? माझ्याकडे साधं आर्क वेल्डिंग आहे, पातळ पत्र्याला त्याने भोकंच जास्त पडतात (स्वानुभव!). आणि काचा आधी काढाव्याच लागतील ना? त्यांचं रबर दगड झालंय. कोणी केलंय का असं काम?