मॉक्स इंधनाचा बर्नअप: गॅमा पुरे, की कांडी विरघळवायलाच हवी?

लोलक:
तारापूरच्या १९६९ सालच्या दोन अणुभट्ट्यांत युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडच्या, म्हणजे मॉक्स इंधनाच्या कांड्याही वापरून झाल्या. अशी कांडी किती जळली, म्हणजे तिचा बर्नअप किती, हे कळायला ती आम्लात विरघळवून विखंडनातून उरलेलं निओडिमियम-१४८ मोजत बसायची हौस कशाला? हॉट सेलच्या, म्हणजे किरणोत्सर्ग अडवणाऱ्या बंद खोलीच्या, भिंतीतल्या फटीसमोरून कांडी सरकवा, पलीकडे जर्मेनियम डिटेक्टर ठेवा, विखंडनातून बनलेल्या सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांचं ६६२ केईव्ही ऊर्जेवरचं शिखर मोजा. विखंडन युरेनियम-२३५ चं असो वा प्लुटोनियम-२३९ चं, शंभर विखंडनांमागे सीझियम-१३७ चे अणू सहा-साडेसहाच. अर्धायुष्य ३० वर्षं. कांडी शाबूत!

आम्लपित्त:
हौस नाही हो, नाइलाज. ६६२ चे बरेच गॅमा कांडीतच जिरतात. शिवाय इंधन फार तापलं की सीझियम जागचं हलतं. एरवी आलेखात कांडीतल्या इंधनाच्या दोन गोळ्यांच्या सांध्यावर खाच दिसते, सीझियम सरकलं की तिथेच उंचवटा येतो. तो काय बर्नअप म्हणायचा?

लोलक:
म्हणूनच सीझियम-१३४ आणि १३७ चं गुणोत्तर घ्यायचं. दोन्ही एकत्रच सरकतात, ऊर्जाही जवळपासच्या. जिरण्याची भानगड बरीचशी आपोआप कटते.

आम्लपित्त:
इथेच फसता. १३४ थेट विखंडनातून जवळपास येतच नाही, सीझियम-१३३ ने न्यूट्रॉन गिळला की बनतं. मॉक्समध्ये प्लुटोनियम मंद न्यूट्रॉन अधाशासारखे खातं, न्यूट्रॉनांच्या ऊर्जेचा वर्णपट बदलतो. युरेनियम कांडीवर काढलेली गुणोत्तरावरून बर्नअप सांगणारी रेघ मॉक्सला लावाल तर आकडा येईल, खरा असेलच असं नाही. त्यात १३४ चं अर्धायुष्य दोन वर्षं. वीस वर्षं साठवणीच्या तळ्यात पडलेल्या कांडीत ते हजारातला एखादा भाग उरतं.

भोचक:
रुथेनियम-१०६ ला विसरलात राव. युरेनियम-२३५ मधून शंभराला अर्धंही नाही, प्लुटोनियम-२३९ मधून चारच्या वर. किती प्लुटोनियम जळलं याची चुगली तेच करतं. वर्षभराचंच अर्धायुष्य, तेव्हा घाई करा.

लोलक:
बरं, गठ्ठ्यातली एक कांडी तुमच्या आम्लाला. रेघ त्यावरून आखू, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आम्लपित्त:
एक चालेल, पण तुकडे दोन. तारापूरला पाणी भट्टीतच उकळतं; वर वाफ जास्त, म्हणून तिथे न्यूट्रॉन कमी मंदावतात. एकाच कांडीच्या बुडाला आणि शेंड्याला तुमची एकच रेघ कशी चालेल, ते आधी सांगा.