'निरोप' नक्की कोण कोणाला देतं? (आणि 'क्लास'ला मराठीत काय म्हणायचं)

नमस्कार मंडळी. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आता मोजून थोडे दिवस राहिलेत आणि त्यांच्या वर्गानं ठरवलंय की सगळ्यांनी मिळून एक मोठं पान लिहायचं, म्हणजे इतकी वर्षं एकत्र काढली त्याबद्दल, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या शाळेसमोर ते वाचायचं. घरातला मराठीचा जाणकार म्हणून (दुसरं कोणी नाही म्हणून खरं तर) ते पान माझ्याकडे आलं तपासायला. ऱ्हस्वदीर्घ बघून दिलं, आम्ही आणि आपणची सरमिसळ झाली होती ती सरळ करून सगळीकडे आम्ही करून टाकलं, आणि तीन ठिकाणी अडून बसलोय.

पहिलंच वाक्य आहे 'आमचा वर्ग आज शाळेला अखेरचा निरोप देत आहे.' वाचलं आणि धस्स झालं, पण का झालं ते तिला नीट सांगता येईना. मग मधे आहे 'आमच्या वर्गाला गळती लागली तेव्हाही आम्ही हसत होतो.' आता ही गळती छपराची की मुलांची? ती म्हणते अहो बाबा छपराची, पावसाळ्यात खाली बादली ठेवायचो. आणि शेवट आहे 'आणि आज आमची शाळा सुटली.' हे मला खटकतंय, तिला अजिबात नाही. तर जाणकारांनी प्रकाश टाकावा, पोरगी रोज विचारते झालं का म्हणून.

– – –

'अखेरचा' आधी उडवा हो! तो शब्द पेपरवाल्यांनी अंत्ययात्रेसाठी कायमचा बुक करून ठेवलाय. 'जगाचा निरोप घेतला'मुळे निरोप हा शब्द मुळातच काठावर उभा असतो, त्याला 'अखेरचा'चा नुसता धक्का लागला तरी गेला खाली. धस्स त्यामुळे झालं. 'शेवटचा'ही नको.

आता देण्याघेण्याचं. साधा नियम असा की जो निघतो तो निरोप घेतो आणि जो मागे राहतो तो देतो. पाहुणे निरोप घेतात, आपण दारात उभं राहून देतो. म्हणजे शाळा निरोप देईल, मुलं शाळे'चा' निरोप घेतील. आणि हे उगाच व्याकरण नाहीये, त्याच्यामागे अर्थ आहे. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी. गुरुचरित्रात वगैरे बघा, शिष्य गुरूंकडे निरोप मागतो आणि गुरू देतात, तिथे टाटा बाय बाय चाललेलं नसतं, जाऊ का विचारणं चाललेलं असतं. आज्ञा पोचवायची म्हणजे सांगावा आला, म्हणून निरोप म्हणजे मेसेजही, आणि तो नेणारा निरोप्या. आपण अजूनही कोणाच्या घरून उठताना 'येऊ का?' असं विचारतोच की, उत्तराची वाट न बघता चपला घालत असलो तरी.

त्यामुळे मुलांनी शाळेला निरोप देणं म्हणजे शाळेलाच 'जा तू' म्हटल्यासारखं होतं.

– – –

वरच्या प्रतिसादातली माहिती छान आहे पण इतकं कडक नको राव. 'खेळाला निरोप दिला', 'राजकारणाला निरोप' हे आता सगळे सर्रास लिहितात आणि वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं. जाणारा 'देतो' हे वापरात आलंय, आवडो न आवडो. जाणाऱ्यानं द्यायचाच असेल तर आपल्याकडे रामराम आहे, पण रामराम ठोकतात आणि ठोकला की वाटतं माणूस वैतागून गेला. नोकरीला रामराम ठोकला म्हणजे बॉसशी वाजलंच असणार. शाळेला रामराम ठोकला हे मी स्वतः नववीत रोज मनातल्या मनात म्हणायचो.

बाकी 'अखेरचा'बद्दल शंभर टक्के सहमत. काढाच.

– – –

सुटली-सोडली-संपलीबद्दल लिहिते, कारण यात एकेका क्रियापदात अख्खी गोष्ट असते आणि मला हे फार आवडतं.

'शाळा सुटली' रोज होतं, घंटा झाली की. 'त्यानं शाळा सोडली' म्हणजे ठरवून, बहुतेक अर्धवट, किंवा नाव काढून दुसरीकडे घातलं. 'त्याची शाळा सुटली' म्हणजे त्यानं काही केलं नाही, हातातून निसटली, घरची अडचण असेल, आजारपण असेल. फक्त एक 'त्याची' लागला आणि घंटेच्या वाक्याचं दुःखाचं वाक्य झालं बघा. आणि रीतसर पूर्ण केली तर 'शाळा संपली'. गंमत म्हणजे रीतसर पूर्ण करणाऱ्यालाही जो कागद मिळतो तो 'शाळा सोडल्याचा' दाखला, 'संपल्याचा' नाही. कागदोपत्री सगळे पळपुटे.

म्हणून तुम्हाला 'आमची शाळा सुटली' खटकलं, ते अर्धवट सुटल्यासारखं वाटतं. पण लेकीला एकदा विचारा तरी, मला वाटतं तिला घंटाच म्हणायची आहे. रोज सुटायची आणि दुसऱ्या दिवशी परत भरायची, आज सुटली ती सुटलीच. तसं असेल तर ते वाक्य पूर्ण पानातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि त्याला हात लावाल तर याद राखा.

– – –

वर्ग या शब्दानं मला भाषांतरात इतकं छळलंय की विचारू नका. तो खोलीही आहे, खोलीतली पोरंही आहे, तासही आहे ('वर्ग घेतला'), समाजातला थरही आहे, गणितात संख्येला त्याच संख्येनं गुणलं की वर्ग, वर्णमालेत क-वर्ग च-वर्ग, आणि बँकेत पैसेसुद्धा वर्ग होतात. 'आमचा वर्ग दुसऱ्या शाळेत वर्ग झाला' हे वाक्य बरोबर आहे हो, वाचून बघा.

माझ्याकडे एकदा एका परदेशी मालिकेचं काम आलं होतं, हायस्कूल संपवणारी मुलं, टोप्या उडवतात वगैरे, आणि आधीच्या कोणीतरी 'ग्रॅज्युएटिंग क्लास'चं 'पदवीधर वर्ग' करून ठेवलेलं. सतरा वर्षांची पदवीधर! आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हटलं की डायरेक्ट डिग्री, तिकडे शाळा संपवली तरी ग्रॅज्युएट. तसा तो शब्द लॅटिनमधल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलाय, आणि आपली पदवी म्हणजेही संस्कृतात मुळात वाट, म्हणजे दोन्हीकडे पावलाचंच काम, पण आपण ती पायरी जरा उंचावर नेऊन ठेवली. मी शेवटी 'शाळा संपवणारी मुलं' केलं. दोन शब्दांऐवजी तीन झाले, पण कोणाला काही प्रश्न पडला नाही.

लोकांसाठी म्हणून वेगळा शब्द हवा असेल तर सध्या बॅचच चालतं. पण याचं मूळ माहितीये का? बॅच म्हणजे जुन्या इंग्रजीत एकदम भाजून काढलेला माल, एका भट्टीचा. म्हणजे मराठीत घाणा! तळणीत एकदम पडतो तो घाणा. तर 'आम्ही एका बॅचचे'चं शुद्ध मराठी 'आम्ही एका घाण्याचे'. लिहा पानावर, टाळ्या पडतील.

– – –

घाणा 😂 आमचा घाणा जरा कच्चाच निघाला

– – –

शुद्धच हवं असेल तर सहाध्यायी आहे. आणि त्याहून देखणा शब्द सतीर्थ्य, तीर्थ म्हणजे इथे गुरू, एका गुरूकडे राहून शिकणारे ते सतीर्थ्य, पाणिनीचं सूत्रच आहे 'समानतीर्थे वासी' म्हणून. अजून एक आहे, सब्रह्मचारी, म्हणजे वेदाची एकच शाखा शिकणारे. पण तो शाळेसमोर वाचायच्या पानात घालू नये, मुलं पुढचं काही ऐकणार नाहीत.

'इयत्ता' पण बघा, इयत् म्हणजे इतका, त्याचं भाववाचक नाम इयत्ता, म्हणजे 'इतकेपणा'. तू इतका झालास असं दरवर्षी सांगायचं आणि पुढे ढकलायचं.

– – –

मी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. शिक्षकांच्या खोलीत कोणी सतीर्थ्य म्हणत नाही आणि वर्गही फारसं म्हणत नाही. 'तुकडी' म्हणतात कागदावर, अ तुकडी ब तुकडी, तो शब्द तुकडा पाडल्यासारखा आहे आणि सैन्यातलाही आहे, दोन्ही अर्थ अधूनमधून खरे वाटायचे. तोंडी मात्र 'यंदाची पोरं' आणि मागच्यांना 'ती बादलीवाली पोरं', 'ती खिडकी फोडलेली बॅच' असंच. तुमच्या लेकीचा वर्ग शिक्षकांच्या तोंडी बादलीवरूनच ओळखला जाणार, लिहून ठेवा.

आमच्या आधीची माणसं मॅट्रिक म्हणायची. तो शब्द खरं म्हणजे नोंदवहीवरून आलेला, विद्यापीठात नाव नोंदवायला लायक झाला तो मॅट्रिक, म्हणजे आत शिरण्याचं नाव आणि आपण ते बाहेर पडण्याला लावलं. अमेरिकेत उलटं, तिकडे शेवटच्या समारंभाला कमेन्समेंट म्हणतात, त्याचा अर्थ आरंभ.

दाराला एकच नाव असतं, कोणत्या बाजूनं बघता त्यावर आहे. असो. मला त्या पानातली आणखी चार वाक्यं वाचायला आवडतील, धागाकर्त्यांनी टाकावीत. तुम्ही आम्ही-आपण 'सरळ' केलंत असं म्हणालात ते मला जरा शंकास्पद वाटतंय.

– – –

धागाकर्ता. सर, हे घ्या मूळ, तिनं लिहिलं होतं तसं:

'पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांची नावंही विचारली नव्हती. आम्ही घाबरलो होतो. सरांनी आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं. ती बादली आठवते का? आपण तिच्यात होडी सोडली होती आणि ती बुडाली तेव्हा आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि तेवढ्यात सर आले. आपण कोणीच हसलो नाही. नंतर मधल्या सुट्टीत आपण इतके हसलो की पोट दुखलं. शाळेनं आम्हाला खूप दिलं. आम्ही ऋणी आहोत.'

यातले आपण काढून मी आम्ही केले. आणि 'आठवते का' पण काढलं, कारण शाळेला काय आठवणार.

– – –

अहो काय केलंत हे!

शाळेला नाही विचारत ती, एकमेकांना विचारतायत. आम्ही आणि आपण यात फरक ऐकणाऱ्याचा आहे. आम्ही म्हणजे तू सोडून, आपण म्हणजे तुला धरून. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हटलं की समोरचा घरीच बसतो, 'आपण' म्हटलं की तो चपला शोधतो. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ तेलुगूत आहे, हिंदीला मात्र नुसत्या हमवर भागवावं लागतं आणि इंग्रजीला वी वर. आपल्या हातात फुकटात मिळालेली वस्तू आहे ती आणि तुम्ही ती इस्त्री करून टाकलीत.

त्या पानात काय झालंय बघा की. सुरुवातीला मुलं शाळेकडे तोंड करून उभी आहेत, तेव्हा आम्ही. बादली आली आणि सगळी मागे वळली, समोरचे सर, पाहुणे, बारकी पोरं कोणीच राहिलं नाही, आपापसात बोलायला लागली. नंतर कोणीतरी कोपर मारलं असणार, की परत आम्ही, परत ऋणी. (ऋणी आहोत हे वाक्य कोणी मोठ्या माणसानं घालायला लावलंय, पैज.) या लिहिण्याला लोक सिंहावलोकन म्हणतात आणि त्याचा अर्थ सगळ्याचा आढावा असा धरतात, पण सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो ते सिंहावलोकन, चाल न थांबवता. तुमच्या लेकीच्या पानात ती मान वळलेली जागा म्हणजे ते 'आपण'.

आणि अजून एक. त्या होडीच्या वेळी जो होता आणि नंतर नाव काढून दुसऱ्या शाळेत गेला असा कोणी आहे का? कारण तो ऐकायला येणार असेल तर 'आपण'मध्ये तो आहे, आणि तुमच्या 'आम्ही'मध्ये बाहेर.

– – –

धागाकर्ता. आहे. होडी त्याचीच होती. वहीच्या मधल्या पानांची केलेली, चांगली मोठी. दोन वर्षांपूर्वी गेला तो, आणि त्याला शेवटच्या दिवशी बोलावलंय हे मला आज कळलं. गळतीचं वाक्य परत विचारलं तर म्हणाली, छपराची पण आणि त्याची पण, तुम्हाला एकच का पाहिजे?

'शाळा सुटली'चं ताईंनी बरोबर ओळखलं, घंटाच आहे. हात लावलेला नाही. 'अखेरचा' गेला, 'शाळेला निरोप देत आहे'चं 'शाळेचा निरोप घेत आहे' केलं आणि परवानगीचं सांगितलं तर तिनं खाली आपल्या मनानं 'येऊ का?' असं जोडलं. घाण्याला बहुमतानं नकार मिळाला, वर्गच राहू दे म्हणाले सगळे, ज्याला खोली वाटायची त्याला वाटू दे.

रात्री बसून एकेक आम्ही खोडून परत आपण लिहिलं, 'आठवते का' परत घातलं, आणि नवीन म्हणून तिला वाचायला दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, पण बाबा, मी हेच तर दिलं होतं.