रोमनांकडे पोथी नव्हती म्हणे!

शिलालेखप्रेमी (धागाकर्ता):
ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कालच्या धाग्यावर 'सडेतोड' यांनी एक पिंक टाकली: "रोमन धर्माला ना वेद, ना बायबल, ना कुराण. बैल कापायचा, मांस वाटायचं, घरी जायचं. ज्याला ग्रंथ नाही तो धर्म पोकळच, उडून गेला यात नवल काय?" त्यावर डझनभर अंगठे आणि 'अगदी मनातलं बोललात'. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण मजकूर इतका वाढला की वेगळा धागा काढावा लागला.

एकच एक पवित्र ग्रंथ नव्हता, मान्य. पण म्हणून लिखाण नव्हतं? रोमन लेखक प्लिनी काय सांगतो बघा. मोठा अधिकारी प्रार्थनेला उभा राहिला की एक जण लेखी मजकुरावरून शब्द सांगणार, अधिकारी त्याच्यामागून म्हणणार. दुसरा माणूस फक्त चूक होते का ते बघायला. तिसरा लोकांना गप्प बसवायला. शिवाय एक बासरीवाला सतत वाजवत राहणार, म्हणजे मध्येच भलतासलता आवाज कानावर पडायला नको. एवढा बंदोबस्त बैल कापून घरी जाणारे लोक करतात होय?

आणि चूक झाली तर? इ.स.पू. १७६ मध्ये अल्बन डोंगरावरच्या लॅटिन उत्सवात लानुवियम गावच्या अधिकाऱ्याने एका बळीच्या वेळी 'रोमन जनतेसाठी' एवढे शब्द गाळले. प्रकरण सिनेटपुढे गेलं, सिनेटने ते पुरोहितमंडळाकडे धाडलं आणि निकाल लागला की अख्खा उत्सव पुन्हा करा, बळीची जनावरं लानुवियमकरांनी द्यायची. दोन-तीन शब्दांपायी.

रोमनांना ग्रंथ हवा होता तो श्रद्धा शिकवायला नव्हे, देवाशी चाललेला व्यवहार चोख ठेवायला. तुम्ही बायबलची फूटपट्टी लावणार आणि मग म्हणणार, उंची कमी पडली.

सडेतोड:
माझ्यासाठी खास धागा! धन्य झालो. पण साहेब, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हे धर्मग्रंथ नाहीत, ही सरकारी दफ्तरं आहेत. कोणी काय म्हणायचं, कोणी गप्प बसायचं, चूक झाली तर भुर्दंड कोणाला. यात माणसाने जगावं कसं, मेल्यावर काय, याबद्दल चकार शब्द आहे का?

आणि त्या दफ्तराचा अर्थ तरी कळत होता का? सालियन म्हणजे युद्धदेव मार्सचे पुजारी. त्यांचं स्तोत्र खुद्द त्यांनाच जेमतेम समजतं, असं वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन पहिल्या शतकात लिहून गेलाय. आर्व्हाल बंधू म्हणून बारा जणांचं पुरोहितमंडळ होतं. त्यांच्या इ.स. २१८ च्या कोरीव नोंदीत चक्क लिहिलंय की पुजाऱ्यांनी पुस्तिका हातात घेतल्या आणि त्या बघून गात तीन पावलांचा नाच केला. समजत नाही, पाठही नाही, कागद बघून नाचताहेत. याला पोकळ म्हणायचं नाही तर काय भरीव म्हणायचं?

गावगप्पा:
कागद बघून वरून आठवलं. आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी मोबाईलवर पीडीएफ उघडली आणि संकल्पात माझ्याऐवजी आदल्या दिवशीच्या यजमानाचं नाव आणि गोत्र खणखणीत आवाजात म्हटलं. आमची ही तिथेच म्हणाली, "अहो, पुण्य गेलं की त्यांच्याकडे!" गुरुजी म्हणाले, भावना महत्त्वाची. दक्षिणा घेताना मात्र भावनेवर भागलं नाही. रोमन असते तर सगळं पहिल्यापासून करून घेतलं असतं, तेही गुरुजींच्या खर्चाने. माझं मत रोमनांना.

तुळशीवृंदावन:
गावगप्पा, विषय रोमचा आहे, प्रत्येक वेळी गुरुजींवर घसरायलाच हवं का? माझ्या वडिलांनी जन्मभर पौरोहित्य केलं. उन्हातान्हात सायकलवरून जायचे, संहिता तोंडपाठ. मोबाईल बघणारा एक भेटला म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

आणि मुद्द्याचं बोलायचं तर सडेतोड, अर्थ कळत नाही म्हणून म्हणणं पोकळ, हे कोणी ठरवलं? आर्व्हाल स्तोत्रात एकेक ओळ तीन-तीनदा येते, शेवटी एक जयघोष पाचदा. रोजच्या बोलण्यातून कधीच गेलेली जुनी लॅटिन त्यांनी तिसऱ्या शतकापर्यंत जशीच्या तशी सांभाळली. पोकळ गोष्ट एवढी जपतं का कोणी?

गावगप्पा:
बरं, तुमचे वडील सोडून बाकीचे. खूश?

शिलालेखप्रेमी:
भांडू नका. सडेतोड, तुम्ही आर्व्हाल नोंदी काढल्यातच तर पुढचंही वाचायचं होतंत. ती नोंद संगमरवरावर कोरायची तर देवराईत लोखंडी छिन्नी न्यावी लागे, आणि तिथे लोखंड चालत नसे. म्हणून छिन्नी आत नेताना प्रायश्चित्ताचा बळी, काम संपवून बाहेर काढताना पुन्हा बळी. आणि हे बळी दिल्याचीही नोंद कोरून ठेवलीय! नुसतं दफ्तर असतं तर कारकुनाने लिहिलं असतं आणि गेला असता घरी. इथे लिहिणं हाच विधीचा भाग आहे.

लेखणीबहाद्दर:
दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलताय. प्रश्न ग्रंथ होता की नव्हता हा नाहीच. कपाटाची किल्ली कोणाकडे होती ते बोला. मी सरकारी खात्यात नोकरी केली आहे, कार्यालयाचं नाव घेत नाही. नियमांचं पुस्तक एकच आणि ते साहेबांच्या कपाटात. रजा नामंजूर झाली की साहेब म्हणायचे, नियमात बसत नाही. नियम बघू म्हटलं की किल्ली घरी राहिलेली. रोममध्ये हेच चाललं होतं. कोर्टाचं काम कोणत्या दिवशी चालतं आणि कोणत्या दिवशी वर्ज्य, हे फक्त पुरोहितांना ठाऊक. गरजवंताने त्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लाव्हियस नावाच्या कारकुनाने, तोही गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा पोर, ते सगळं दिनमान पांढऱ्या फळ्यावर लिहून भर चौकात लावलं. खानदानी मंडळींचा असा तिळपापड झाला की बऱ्याच जणांनी निषेध म्हणून सोन्याच्या अंगठ्या उतरवून ठेवल्या.

आणि फळा लावता येत नाही तिथे काडी लावतात. इ.स.पू. १८१, न्यूमाचे ग्रंथ. न्यूमा म्हणजे रोमचा दंतकथेतला दुसरा राजा, रोमन धर्म ज्याने घालून दिला असं मानत तो. बोला यावर.

सडेतोड:
आले, लेखणीबहाद्दर माहितीचा अधिकार घेऊन आले. न्यूमाचे ग्रंथ उघड उघड बनावट होते हो. जानिक्युलम टेकडीच्या पायथ्याशी शेतात खोदताना दोन दगडी पेट्या निघतात. एकीवर लिहिलंय राजा न्यूमाची शवपेटी, उघडली तर आत हाडसुद्धा नाही. दुसरीत सात लॅटिन आणि सात ग्रीक पुस्तकं, आणि रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो की ती अगदी नवी कोरी दिसत होती. चारपाचशे वर्षं जमिनीत राहून! कोणीतरी ताजी पुरली आणि 'सापडली' म्हणून ओरडला.

लेखणीबहाद्दर:
बनावट होती तर जाळायची घाई कशाला? बनावट आहे म्हणून जाहीर करा, लोक हसतील, विषय संपला. झालं काय? प्रीटर, म्हणजे न्यायदान बघणारा बडा अधिकारी, क्विंटस पेटिलियसने पुस्तकं वाचायला म्हणून मागून घेतली, मथळे चाळले आणि सांगितलं की यातलं बरंचसं प्रचलित धर्म मोडणारं आहे. सिनेटने पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत. प्रीटर शपथ घ्यायला तयार आहे ना, मग तेवढं पुरे, असा ठराव केला आणि भर सभास्थानी आग पेटवून जाळली. न वाचता! आमच्याकडेही फाइल अशीच नस्तीबंद व्हायची.

शिलालेखप्रेमी:
धागा पळवला तुम्ही, पण मुद्दा सोडवत नाही. पाचच वर्षं आधी, इ.स.पू. १८६ मध्ये, मद्याचा देव बॅकस याच्या भक्तांच्या गुप्त मंडळ्यांचं प्रकरण झालं होतं. इटलीभर धरपकड, शिक्षा. त्या सिनेटच्या आदेशाचा काशाचा पत्रा दक्षिण इटलीत तिरिओलो इथे १६४० मध्ये सापडला आहे, वाचून बघा, किती जणांनी एकत्र पूजा करायची तेसुद्धा ठरवून दिलंय. आणखी मागे जा. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धात, इ.स.पू. २१३ मध्ये, प्रीटरने फर्मान काढलं होतं की ज्याच्याकडे भविष्याची पुस्तकं, लेखी प्रार्थना किंवा यज्ञविधीची वही असेल त्याने १ एप्रिलच्या आत आणून जमा करावी. म्हणजे घरोघरी असली पुस्तकं होती! आणि सरकारला त्यांची धास्ती होती. पोकळ धर्माच्या वह्यांना कोण भितो, सडेतोड?

तुळशीवृंदावन:
पण सिनेट चूक होतं असंच का धरून चाललात सगळे? युद्धात माणसं मरताहेत, घाबरलेल्या बायाबापड्यांना कोणीही उपटसुंभ पोथी दाखवून लुबाडतोय. सरकारने हात घालायचा नाही? आमच्या शेजारच्या काकूंनी अशाच एका 'प्राचीन नाडीपट्टी'वाल्याला बांगड्या काढून दिल्या. तेव्हा लेखणीबहाद्दर कुठे होते?

लेखणीबहाद्दर:
काकूंच्या बांगड्यांचा आणि न्यूमाचा काय संबंध! सरकारला लुबाडणूक थांबवायची नव्हती, मक्ता हवा होता. स्वतःच्या ताब्यातल्या सिबिलच्या, म्हणजे अंगात येऊन भविष्य सांगणाऱ्या बाईच्या, पुस्तकांवर तेच सरकार चालत होतं ना? पुस्तकं कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळात कुलपात. सिनेटने सांगितल्याशिवाय उघडायची नाहीत, नेमलेल्या समितीशिवाय कोणी वाचायची नाहीत. इ.स.पू. २१६, कॅनी इथे हॅनिबलकडून पराभव झाला, पुस्तकं उघडली, आणि त्यांच्या आधाराने गॉल स्त्री-पुरुष आणि ग्रीक स्त्री-पुरुष अशा चौघांना गुरांच्या बाजारात जिवंत पुरलं. याला कोणी प्रचलित धर्म मोडणारं म्हटलं नाही. का? तर शिक्का सरकारी होता.

सडेतोड:
पहिल्यांदाच लेखणीबहाद्दरांशी सहमत होतोय, अंगावर काटा आला. सिबिलच्या पुस्तकांचं पुढचंही सांगतो. इ.स.पू. ८३ मध्ये देऊळ जळालं, पुस्तकं जळाली. मग काय केलं? माणसं पाठवली इरिथ्री, सामोस, इलियम, आफ्रिका, सिसिलीपर्यंत, मिळतील त्या ओळी गोळा करून आणल्या, समितीने निवडल्या आणि झाली पुस्तकं तयार! देववाणीची दुसरी आवृत्ती. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो तर सरळ म्हणतो की हे ओळींच्या आद्याक्षरांतून शब्द जुळवत नीट बसून लिहिलेलं काव्य आहे, अंगात आलेल्या बाईचं बोलणं नाही. तो स्वतः शकुन बघणाऱ्या मंडळाचा सभासद होता. घरचाच माणूस बोलतोय.

सातासमुद्रापार:
मी इंग्लंडात राहते, बाथ हे गाव माझ्यापासून जवळ. सिनेट, प्रीटर, समित्या वाचून कंटाळा आला म्हणून लिहितेय. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात सुलिस मिनर्व्हा देवीला रोमन काळात लिहिलेले शिशाचे शंभराहून जास्त पत्रे सापडले आहेत. बहुतेक चोरीच्या तक्रारी! डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा चोरीला गेला. तो देवीला लिहितो की चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याचा जीव घे, आणि झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला ना झोप लागो ना मूलबाळ होवो. दुसऱ्या एकाचे हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत म्हणतो. एवढ्याशा पत्र्यावर बारीक टोकाने कोरायचं, गुंडाळी करायची आणि पाण्यात टाकायची. देवी वाचेल, माणसाने वाचायची गरजच नाही.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे काही पत्र्यांवर अक्षरंच नाहीत. नुसत्या रेघोट्या, लिहिल्यासारख्या. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानेही 'लिहून' दिलंय. सडेतोड, हे कुठल्या सरकारी दफ्तरात बसवणार?

गावगप्पा:
आमच्या बिल्डिंगमधून माझी नवी चप्पल गेली तेव्हा हे माहीत असायला हवं होतं. शिशाचा पत्रा कुठे मिळतो?

सडेतोड:
बरं बाई, रेघोट्यांपुढे हरलो. लिखाणाला काहीतरी वजन होतं एवढं लिहून घ्या. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ग्रंथ धरून बसलेले धर्म टिकले, रोमन गेला. याचं काय?

शिलालेखप्रेमी:
रोमनांचे शेजारी, इटलीतले एट्रुस्कन लोक घ्या. त्यांच्याकडे तुम्हाला हवे तसे ग्रंथ होते, ईश्वरदत्त. टॅगेस नावाचा बालदेव नांगराच्या तासातून वर आला आणि त्याने विद्या सांगितली, ती लिहून घेतली. बळीच्या जनावराचं यकृत कसं पाहायचं, वीज पडली तर काय अर्थ, सगळं ग्रंथबद्ध. रोमन सरकार त्यांच्याच जाणकारांना बोलवायचं. कुठे आहे तो धर्म आज? त्यांची एक लिननच्या कापडावरची पोथी उरली, ती कशी, तर इजिप्तमध्ये कोणीतरी तिच्या पट्ट्या फाडून ममीला गुंडाळल्या म्हणून. ती ममी आता झाग्रेबच्या संग्रहालयात आहे. कोणत्या देवाला कोणत्या तारखेला काय वाहायचं, हे त्या पट्ट्यांवर आहे. ग्रंथ होता, धर्म गेला. आता रोमनांचं बघा. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसने बळी देण्यावर बंदी आणली, देवळांचा सरकारी पैसा त्याआधीच तोडला होता. विधी हाच धर्म असेल आणि विधीच बेकायदा ठरवला तर पोथ्या काय करतील?

सडेतोड:
'पोकळ' मागे घेतो. 'उडाला' घेत नाही. आणि बंदी आणणाऱ्याच्या हातात एकच ग्रंथ होता, हेही विसरू नका.

तुळशीवृंदावन:
इतका वेळ घालवून एक शब्द मागे घेतला. पेढे वाटा.

लेखणीबहाद्दर:
सगळे निघालात, पण न्यूमाचं राहिलंच. ज्याच्या शेतात पेट्या सापडल्या तो ल्युसियस पेटिलियसही कारकूनच. पुस्तकं जाळली तेव्हा सिनेटने त्याला किंमत देऊ केली होती, आणि त्याने ती घेतली नाही, असं लिव्हीच लिहितो. बनावट माल पुरून 'सापडली' ओरडणारा माणूस पैसे सोडतो? सडेतोड, याचं उत्तर द्या, मग झोपायला जा.